ध्वनीची संहिता : डॉसकालीन खेळांच्या पुनर्वादनाविषयी

प्राचीन ग्रंथाच्या अनेक प्रती मिळाल्या, त्यांत पाठभेद निघाले, तर संपादकाला कष्ट पडतात. पण त्या कष्टांची रीत आता ठरून गेलेली आहे. खरी अडचण उपस्थित होते ती वेगळ्याच प्रसंगी. प्रत समोर आहे, तिचे एकही पान कसरीने खाल्लेले नाही, एकही अक्षर पुसलेले नाही, आणि तरीही ती वाचावयाचे साधन जगातून नाहीसे होत चालले आहे, अशा वेळी संपादकाने काय करावे? डॉस या कार्यप्रणालीसाठी १९८१ पासून पुढील सुमारे पंधरा वर्षांत लिहिले गेलेले संगणकीय खेळ आज नेमक्या या अवस्थेत आहेत. त्यांच्या फायली शाबूत आहेत. आजच्या यंत्रावर त्या चालविण्याची युक्तीही उपलब्ध आहे. चित्र बहुधा नीट उमटते. परंतु आवाज येत नाही. आला तर अडखळत येतो. आणि अडखळला नाही तर तो कोणाचा आवाज आहे हे निश्चितपणे सांगता येत नाही.

हा प्रश्न यंत्र दुरुस्त करणाराचा आहे, असे मानून कलेच्या अभ्यासकाने तो आजवर बाजूला ठेवला. आमच्या मते तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. 'आवाज कसा काढावा' याचे उत्तर तंत्रज्ञ देऊ शकतो आणि त्याने ते उत्तम प्रकारे दिलेलेही आहे. 'कोणता आवाज काढावा' याचे उत्तर मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. आज हे दुसरे उत्तर कोणी विचारपूर्वक देत नाही, ते आपोआप दिले जाते, आणि आमच्या समजुतीप्रमाणे बहुतेक वेळा चुकीचे दिले जाते.

प्रथम चित्र टिकते व ध्वनी टिकत नाही याचे कारण पाहू. त्या काळच्या खेळातील चित्र ठिपक्या-ठिपक्याने फाईलमध्ये साठविलेले असते. कोणत्याही पडद्यावर ते ठिपके मांडले की चित्र उभे राहते. संगीताचे तसे नाही. फाईलमध्ये नाद नसतो. नाद निर्माण करण्याच्या आज्ञा असतात. अमुक क्षणी अमुक चिपच्या अमुक घरात अमुक संख्या घाल, एवढेच तेथे लिहिलेले असते. ती संख्या घातल्यावर कोणता नाद उमटेल, हे त्या चिपच्या घडणीवर अवलंबून. चिप गेली की आज्ञा उरतात आणि नाद जातो.

मराठी वाचकास याचे एक घरचे उदाहरण देता येईल. आयआयटी कानपूरमध्ये आरंभ झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले, आणि डॉसवर चालणाऱ्या संगणकात बसविलेल्या जिस्ट कार्डामुळे पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली. तबकडीवर साठत होते ते केवळ संकेतांक, ज्यांना पुढे १९९१ साली 'इस्की' या नावाने भारतीय मानकाचे रूप मिळाले. अक्षराचा आकार, जोडाक्षरांची घडण, वेलांटीची जागा हे सर्व कार्ड सांभाळी. त्या काळची एखादी मराठी फाईल आज साध्या संपादकात उघडली, तर विचित्र चिन्हांची रांग दिसते. मजकूर हरवलेला नसतो. त्याला आकार देणारा दुवा हरवलेला असतो. तरीही हा सादृश्यविचार एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. इस्कीतील 'क' युनिकोडात नेला की तो 'क'च राहतो, कारण अक्षराची ओळख त्याच्या वळणाहून निराळी आहे. नादाची ओळख मात्र त्याच्या वळणातच असते.

१९८१ च्या आयबीएम संगणकात आवाजाचे साधन म्हणून एक लहानसा स्पीकर होता. इंटेलच्या ८२५३ या कालमापक चिपकडे सेकंदाला ११,९३,१८२ ठोके येत. त्या संख्येला आज्ञावलीने दिलेल्या भाजकाने भागले की जी कंपनसंख्या येई, तेवढ्या वेगाने स्पीकरचा पडदा आत-बाहेर होई. भाजक २७१२ दिला की साधारण ४४० कंपनांचा स्वर मिळे. एका वेळी एकच स्वर, त्याची लहर चौकोनी, आणि जोर कमीजास्त करण्याची सोय नाही. म्हणजे आरोह-अवरोह शक्य, पण साथ अशक्य. या तुटपुंज्या सामग्रीत रचनाकारांनी जे केले त्याची दखल कोणत्याही संगीतसमीक्षेने घेतलेली आमच्या वाचनात नाही. दोन-तीन स्वर इतक्या जलद आलटून पालटून वाजवावयाचे की कानाला स्वरसंघाचा भास व्हावा. आघात हवा असेल तेथे कंपनसंख्या एका क्षणात खाली कोसळवावयाची. आपल्याकडे पोवाड्याच्या साथीला तुणतुणे असते. त्याला एकच तार आहे म्हणून त्यास अपुरी सतार कोणी म्हणत नाही. पीसी स्पीकरला मात्र सर्वांनी अपुरे साउंड कार्डच म्हटले.

१९८७ साली क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीचे कार्ड आले. त्यात यामाहाची वायएम ३८१२ ही चिप होती. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या हलवून नवा नाद घडविण्याची जी पद्धत जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ साली शोधून काढली, तिचे हे स्वस्त अपत्य होय. नऊ स्वर एकाच वेळी वाजू लागले. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साउंड ब्लास्टर' काढला. त्यात हीच चिप होती व शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्याची सोय होती. संगीत आणि बोल, म्हणजे पिस्तुलाचा बार किंवा राक्षसाची डरकाळी, एकाच कार्डावर आल्यामुळे तेच कार्ड पुढे प्रमाण ठरले. त्याच सुमारास जपानच्या रोलँड कंपनीचे एमटी-३२ हे उपकरणही संगणकास जोडले जाऊ लागले. ते मूळचे वादकांसाठी केलेले. त्याचे नाद संश्लेषित असले तरी श्रीमंत होते. १९८८ च्या 'किंग्ज क्वेस्ट ४' या सिएरा कंपनीच्या खेळासाठी विल्यम गोल्डस्टीन यांनी संगीत रचले. हा खेळ या नव्या उपकरणांना वाव देणाऱ्या पहिल्या काही खेळांपैकी एक. आणि तोच खेळ साध्या स्पीकरवरही चाले.

येथे आपण मूळ मुद्द्याशी येऊन पोहोचतो. एकाच खेळाच्या एकाच तबकडीवर तीन, चार, कधी त्याहून अधिक ध्वनिपाठ नांदत होते. कोणता ऐकू येणार हे खेळणाऱ्याच्या ऐपतीवर ठरे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे झाले. त्या आवृत्तीचे शिल्पकार वि. स. सुकथनकर यांनी १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ही संहिता आरंभापासूनच प्रवाही होती, हे मान्य केले आहे, आणि उपलब्ध हस्तलिखितांवरून जेवढे मागे जाता येईल तेवढे जाणे हेच आपले उद्दिष्ट असल्याचे सांगितले आहे. खेळांच्या बाबतीत स्थिती याच्या उलट आहे. येथे लेखकाच्या हातचीच प्रत उपलब्ध आहे. लेखनिकाचा प्रमाद नाही, प्रक्षेप नाही. पाठभेद सगळे अधिकृत आहेत. त्यांची वंशावळ लावून काही हाती लागावयाचे नाही. संपादकाची जी हत्यारे आहेत त्यांपैकी निम्मी येथे बोथट ठरतात. त्यापेक्षा संगीत नाटकाचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. एकच पद तीन कंपन्यांच्या तीन गायकनटांनी आपापल्या गळ्याच्या पट्टीत म्हटले, तर त्यांपैकी 'मूळ' कोणते, हा प्रश्न विचारता येतो. पण छापील पुस्तकाकडे बोट दाखवून तो सुटत नाही.

आता नव्या यंत्रावर ध्वनी का बंद पडतो, याचा थोडा तपशील देणे अवश्य आहे, कारण त्यात तत्त्वाचा भाग दडलेला आहे. जुना खेळ कार्यप्रणालीस न विचारता थेट कार्डाशी बोले. कार्ड षोडशमान पद्धतीच्या २२० या पत्त्यावर असेल, ते ५ किंवा ७ या क्रमांकाच्या व्यत्ययरेषेवरून हाक देईल आणि स्मृतीशी १ क्रमांकाच्या मार्गाने देवघेव करील, अशी त्याची धारणा असे. आरंभीची कार्डे कारखान्यातून ७ क्रमांकावर येत, पुढची ५ वर येऊ लागली. एवढ्या फरकानेही त्या काळी कित्येक खेळ मुके झाले. पुढे ज्या खाचेत ही कार्डे बसत ती खाचच संगणकांतून गेली. विंडोज एक्सपीपर्यंतच्या ३२-बिटी प्रणालीत जुन्या आज्ञावलींसाठी एक खोली राखून ठेवलेली होती व तेथे साउंड ब्लास्टरची नक्कल बऱ्यावाईट प्रकारे होत असे. ६४-बिटी विंडोजमध्ये ती खोली नाही. आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ ही केवळ ६४-बिटी आहे.

दुसरे कारण वेगाचे आहे आणि ते आम्हास अधिक उद्बोधक वाटते. ॲडलिबच्या चिपला एक आज्ञा दिल्यानंतर दुसरी घेण्यापूर्वी क्षणभर उसंत लागे: पत्ता दिल्यावर ३.३ मायक्रोसेकंद, आकडा दिल्यावर २३. ही उसंत देण्यासाठी खेळाची आज्ञावली त्याच चिपकडे अनुक्रमे ६ वेळा व ३५ वेळा निष्कारण डोकावून येई. जलद यंत्रावर हे डोकावणे लवकर उरके, चिप अजून भानावर आलेली नसे, आणि 'कार्ड नाही' असा निष्कर्ष काढून खेळ गप्प बसे. बोर्लंड पास्कल भाषेत लिहिलेल्या आज्ञावली तर यंत्राचा वेग मोजतानाच भागाकार न पेलल्याने बंद पडत. सुमारे २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढील यंत्रांवर हा '२०० क्रमांकाचा दोष' अनेकांनी पाहिला असेल. काळ मोजण्यासाठी ज्यांनी घड्याळाऐवजी स्वतःच्या श्वासाची गती वापरली, त्यांची ही गत झाली. ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांस हा प्रकार नवा नाही. प्रारंभीच्या मुद्रिकांचा वेग मिनिटाला ७८ फेरे असा नक्की ठरलेला नव्हता. मुद्रणाच्या वेगाहून निराळ्या वेगाने तबकडी फिरविली की गायकाची पट्टी बदलते आणि आपण भलत्याच गळ्याविषयी मत बनवून बसतो.

या सर्वांवर इलाज निघाला तो इम्युलेटरचा, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठविणाऱ्या आज्ञावलीचा. २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेला डॉसबॉक्स हा त्यांतील सर्वांत प्रचलित. तो प्रोसेसरचे, स्पीकरचे, ॲडलिबचे, साउंड ब्लास्टरचे सोंग घेतो. त्याच्या मांडणीच्या फायलीत पत्ता २२०, व्यत्यय ७, मार्ग १ असे गृहीत धरलेले असते. खेळाच्या स्वतःच्या 'सेटअप' आज्ञावलीत तेच आकडे दिले आणि 'सायकल्स' या नावाचा वेग त्या काळच्या यंत्राशी जुळता ठेवला की बहुतेक खेळ बोलू लागतात. न बोलल्यास नव्वद टक्के दोष या दोन ठिकाणच्या आकड्यांच्या विसंगतीत सापडतो, असे अनुभवी लोक सांगतात, आणि टक्केवारी सोडली तर ते खरेही आहे. एमटी-३२ चे सोंग घेणारी 'मंट' ही आज्ञावलीही आहे. मात्र तिला मूळ उपकरणाच्या स्मृतिचिपमधील मजकूर लागतो व त्यावर रोलँडचा हक्क आहे. म्हणजे येथे नाद जिवंत ठेवण्याची विद्या मोकळी आहे, नादाचे बीज मोकळे नाही. 'डूम' (१९९३) या विख्यात खेळाची कथा याहून बोलकी आहे. त्याच्या निर्मात्यांनी १९९७ साली मूळ आज्ञावली जगापुढे खुली केली. परंतु डॉसवरील ध्वनीचा भाग त्यांनी दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेला असल्यामुळे तो त्यातून वगळावा लागला, आणि लिनक्ससाठी केलेली आवृत्ती पुढे करावी लागली. डॉसवरील डूम जगाला मिळाला तो मुका.

सोंग किती हुबेहूब असावे, हा वाद इम्युलेटरकारांतही आहे. गणिताने काढलेली चौकोनी लहर आजच्या उत्तम हेडफोनवर ऐकली तर ती कानात टोचते. मूळ स्पीकरचा कागदी पडदा तिच्या कडा बोथट करी, आणि पत्र्याची पेटी तिच्यात स्वतःची घुमार मिसळी. डॉसबॉक्स स्टेजिंग या नव्या शाखेने स्पीकरसाठी आणि निरनिराळ्या साउंड ब्लास्टरसाठी गाळण्या पुरविल्या आहेत, त्या याच जाणिवेतून. गाळणी लावणे हा अर्थनिर्णय आहे. शुद्ध गणित मूळ, की गणिताला यंत्राने दिलेले मळकट रूप मूळ? आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत. कारण रचनाकाराने कान लावून ऐकले ते मळकट रूप होते.

आता प्रचलित पद्धतीवरील आमचा आक्षेप. आज जो कोणी जुना खेळ चालवितो तो 'सर्वोत्तम' ध्वनी निवडतो. एमटी-३२ असेल तर तो. नसेल तर साउंड ब्लास्टर. स्पीकर शेवटी, तोही दुसरे काही मिळाले नाही म्हणून. ही उतरंड वरवर पाहता समंजस वाटते. 'किंग्ज क्वेस्ट ४' च्या बाबतीत ती योग्यही आहे, कारण त्याचे संगीत नव्या उपकरणांचे सामर्थ्य दाखविण्यासाठीच योजलेले होते, आणि सिएरा ती उपकरणे विकतही असे. परंतु हाच नियम सर्वत्र लावणे म्हणजे पाठनिर्णय न करता सर्वांत लांब पाठ निवडण्यासारखे आहे. आणि लांब पाठाविषयी संशय बाळगावा हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी शिकवितात.

'डिगर' (१९८३) पाहा. खोदत जाणाऱ्या त्या इवल्या यंत्राबरोबर गर्शन किंग्जली यांच्या 'पॉपकॉर्न' या १९६९ च्या धुनेचे स्वर वाजत राहतात, आणि खेळगडी मेला की शोपँच्या शवयात्रा-संगीताचे चार स्वर येतात. येथे स्पीकरखेरीज दुसरा पाठच नाही. पण म्हणून तो दरिद्री नाही. 'पॉपकॉर्न' ही धुनच तुटक, टपटप उडणाऱ्या स्वरांची. ती एकसुरी चौकोनी लहरीवर जितकी शोभते तितकी भरगच्च वाद्यमेळात शोभेल असे वाटत नाही. ४.७७ मेगाहर्ट्‌झच्या यंत्रासाठी लिहिलेला हा खेळ पुढील यंत्रांवर धड चालेना, तेव्हा अँड्र्यू जेनर यांनी १९९८ साली त्याचे जीर्णोद्धारित रूप प्रसिद्ध केले. जीर्णोद्धार करणाराने कळस बदलला नाही, ही समाधानाची गोष्ट.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. जॉर्डन मेक्नर यांनी तो १९८९ साली ॲपल २ साठी केला. संगीत त्यांचे वडील फ्रान्सिस मेक्नर यांचे. डॉसवरील रूप १९९० चे. हरवली असे समजली गेलेली मूळ आज्ञावली २०१२ साली वडिलांना एका खोक्यात सापडली व ती प्रसिद्ध झाली. ॲपल २ चा स्पीकरही एकबिटीच, आणि त्याला हलविण्याचे काम खुद्द प्रोसेसरला करावे लागे; स्वर वाजवीत असताना त्याला इतर कामास फारशी फुरसत नसे. या खेळात संगीत प्रसंगांच्या सांध्यावरच येते आणि प्रत्यक्ष खेळताना पावलांची टपटप, तलवारींचा खणखणाट, सरकत्या दाराचा करकराट एवढेच ऐकू येते, त्याचे मूळ या अडचणीत असावे. पण अडचणीतून निघालेली ती शांतता हाच त्या कारागृहाचा प्राण झाला. डॉसवर ॲडलिब निवडले की सांध्यावरचे संगीत गोलाई घेते, भरते, काहीसे उत्सवी होते. ते वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तुरुंगाच्या दगडी भिंतींशी स्पीकरच्या कोरड्या स्वराचे जे नाते जुळते ते त्याचे जुळत नाही. येथे तुटपुंजा पाठ केवळ जुनाच नाही, तर अधिक एकजीव आहे.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या प्रदेशाची आहे. गारखेडा परिसरातील एका खासगी संगणक-वर्गात प्रस्तुत लेखकाने १९९० च्या दशकात जी यंत्रे हाताळली, त्यांपैकी एकातही साउंड कार्ड नव्हते. लोटस आणि वर्डस्टार शिकविण्यास त्याची जरुरी नव्हती. शिकवणीचा तास संपता संपता फ्लॉपीवरून आणलेला राजपुत्र पडद्यावर धावू लागे, आणि त्याचा जो आवाज येई तो पेटीच्या पोटातून. मराठवाड्यातील, किंबहुना महाराष्ट्रातील त्या पिढीच्या फार मोठ्या भागाचा अनुभव असाच असणार. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, एक मोठे वैशिष्ट्य असे मानण्याचे कारण नाही. कार्डाची किंमत जेथे जेथे जड होती तेथे तेथे हीच कथा. मग या खेळांच्या आस्वादाचा इतिहास लिहिताना एमटी-३२ चा पाठ प्रमाण मानणे म्हणजे जो थोड्यांनी ऐकला त्याला 'मूळ' म्हणणे, आणि बहुतांनी ऐकला त्याला तळटीपेत ढकलणे होय.

यावर असा आक्षेप येईल की हा केवळ स्मरणरंजनाचा प्रकार आहे. ज्याने बालपणी जे ऐकले तेच त्याला गोड लागते. आक्षेपात तथ्य आहे, आणि आमचे म्हणणे जर 'आम्ही ऐकले म्हणून तेच खरे' एवढेच असते तर त्याला उत्तर नव्हते. परंतु कसोटी स्मृतीची धरावयाची नाही. खेळाच्या रचनेत ध्वनी कोणते काम करतो, ते काम कोणत्या पाठात नीट पार पडते, आणि तो पाठ कोणत्या श्रोतृवर्गाने ऐकला, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासावयाच्या आहेत. 'डूम' ला ही कसोटी लावली तर स्पीकरचा पाठ टिकणार नाही, हे आम्ही खुशाल मान्य करतो. बॉबी प्रिन्स यांचे ते संगीत अनेक वाद्यांच्या आघातावर उभे आहे, आणि अंधारात मागून येणाऱ्या प्राण्याची दिशा ओळखण्यास दोन कानांत विभागलेला ध्वनी लागतो.

सुधारलेल्या आवृत्त्यांविषयी मत देताना मात्र आम्हास संकोच वाटत नाही. 'मंकी आयलंड' (१९९०) ची विशेष आवृत्ती २००९ साली निघाली. नवी चित्रे, नव्याने मुद्रित केलेले मायकेल लँड यांचे संगीत, पात्रांना आवाज. हा पाठ सर्वांत लांब व सर्वांत गोड आहे. पण तिच्या संपादकांनी एक शहाणपणा केला: एक कळ दाबताच खेळ त्याच क्षणी जुन्या रूपात येतो, पुन्हा दाबली की नव्या. मूळ आणि भाष्य समोरासमोर छापलेल्या पोथीप्रमाणे वाचक दोन्ही पडताळून पाहू शकतो. भाष्यकार आपण भाष्यकार आहोत हे येथे लपवीत नाही. इम्युलेटरकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. आज त्यात ध्वनीचा पाठ बदलावयाचा तर खेळ बंद करून 'सेटअप' चालवावा लागतो. सामान्य खेळगडी ते करीत नाही, आणि पहिल्या दिवशी जो पाठ लागला तोच त्याच्या लेखी खेळाचा आवाज ठरतो.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एक सूचना कराविशी वाटते. खेळाचा उल्लेख करताना नाव व वर्ष यांच्याबरोबर कोणत्या ध्वनिसाधनावर, कोणत्या इम्युलेटरच्या कोणत्या आवृत्तीत, किती 'सायकल्स' ठेवून आणि कोणती गाळणी लावून तो ऐकला, हे नमूद करावे. हस्तलिखिताचा क्रमांक व पत्रसंख्या आपण देतो तसे. आणि शक्य असेल तेथे खरे यंत्र गाठावे. गारखेड्यातल्या किंवा जुन्या शहरातल्या माळ्यांवर ४८६ व पेंटियम यंत्रे अजून पडून असतील. त्यांची घड्याळाची बॅटरी बहुधा गळून पाट्यावर पसरलेली असते, कपॅसिटर फुगलेले असतात. त्यामुळे वीज लावण्याआधी ते पाहून घ्यावेत. यंत्र चालू झालेच तर पेटीचे झाकण न काढता, समोर हातभर अंतरावर मायक्रोफोन ठेवून स्पीकरचा आवाज मुद्रित करावा. पंख्याची घरघर त्यात येईल. ती पुसू नये.